माळेतला नवरा

वरलक्ष्मीचं लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून बेंगळुरूला नोकरीला लागली, एवढी वर्षं गेली; पण नवरा तिला मिळायचा तो कार्तिगैतच.

कार्तिगै हा तमिळ पंचांगातला महिना. नोव्हेंबरच्या मध्यावर लागतो. त्याच्या पहिल्या पहाटे तंजावरातले निम्मे पुरुष गार पाण्यानं अंघोळ करतात, काळी वेष्टी, म्हणजे धोतर, नेसतात आणि अय्यप्पाची माळ गळ्यात घालून घेतात. माळ गळ्यात असेतो दारू नाही, विडी नाही, दाढी करणं नाही, पायात चप्पल नाही, तोंडात शिवी नाही. इतकंच काय, नावसुद्धा नाही. बायको, पोरं, शेजारी, बसचा कंडक्टर, सगळे त्याला ‘सामी’ म्हणतात आणि तोही सगळ्यांना ‘सामी’ म्हणतो. पुढं केरळातल्या डोंगरावर जाऊन दर्शन घ्यायचं, परत येऊन माळ उतरवायची, की जो तो पुन्हा आपापल्या नावाचा आणि आपापल्या गुणांचा.

वरलक्ष्मीचा भरद्वाज बसस्टँडवर टाइमकीपर होता. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, ते लिहायचं आणि ‘पापनाशम, पापनाशम, कुंभकोणम’ असा पुकारा करायचा, हे त्याचं काम. साऱ्या जिल्ह्याच्या गाड्या वेळेवर सोडणाऱ्या ह्या माणसाला स्वतःच्या घरी पोचायची वेळ मात्र कधी साधली नाही. ड्यूटी संपली की पाय घराकडेच निघायचे, पण वाटेतल्या सरकारी दारूच्या दुकानापाशी आले की त्यांचा विचार बदलायचा.

माळेतला भरद्वाज मात्र दिवेलागणीला घरी. दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, मांडी घालून तो वालाच्या शेंगा सोलायला बसायचा आणि स्टँडवरच्या गमती सांगायचा. तिरुवैयारूच्या गाडीत कोण वीणा विसरून उतरलं, शेळीचं तिकीट काढायला लावलं म्हणून कोणत्या म्हातारीनं कंडक्टरचं खानदान कसं बाहेर काढलं. म्हातारीची नक्कल करायचा, कंडक्टरची करायचा, शेळीची तर अशी करायचा की वरलक्ष्मीला पदरानं डोळे पुसावे लागत.

फक्त माळेतल्या सामीला बायकोनं शिवायचं नाही. त्याची चटई वेगळी, ताट वेगळं. म्हणजे जो नवरा जवळ हवासा वाटे तो हातभर लांब, आणि जो जवळ यायचा त्याच्या तोंडाच्या वासानं हिनंच हातभर लांब व्हायचं. देवानं थट्टा करावी, पण तिलाही काही माप असावं.

इतर बायका दिवाळीची वाट पाहत. वरलक्ष्मी दिवाळी संपायची वाट पाही. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं शिलाई मशीन होतं; गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं शिवता शिवता तिची नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर जायची. गिऱ्हाइकांना वाटे, बाई हिशोबी आहे, आपली तारीख पाळायला बघते.

घरात ते मराठी बोलत. भोसल्यांच्या मागोमाग ही मराठी कावेरीकाठी आली ती परत गेलीच नाही. इथंच राहिली, रसम-भात खाऊन तमिळच्या चालीत हेल काढू लागली. आजोबा-पणजोबांचे शब्द तिनं जपून ठेवले होते. पण भरद्वाजच्या दुखण्याला तिच्यात एकच नाव होतं. ‘थोडं घेतात.’ तो उंबऱ्यावर पालथा पडला तरी थोडंच घेतलेलं असायचं.

मुलगी हरिप्रिया फोनवर सांगून थकली होती. तिला मराठी सगळी कळे, बोलता येई निम्मी.

“अम्मा, मी नेटवर पाहिलें. चेन्नईला जायला नको, कुठं जायला नको. आपल्या गावच्या मोठ्या सरकारी आस्पत्रीतच ह्याचा वॉर्ड आहे. डॉक्टर आहेत, बोलायला माणसं आहेत. बसस्टँडवरून टाउन बस जाते. अप्पांना तर तिकीट पण लागायचं न्हाईं.”

“ते वेड्यांचं खातं ग. तिथं गेलें तर गल्लीत तोंड कसं दाखवूं? तुझं लग्न व्हायचंय.”

“तोंड दाखवूं नको. मास्क घाल.”

“थट्टा पुरे. कार्तिगै येऊंदे, आपोआप बरं होतं.”

“आणि कार्तिगै जाते तेव्हां?”

ह्या प्रश्नाला वरलक्ष्मी नेहमी एकच उत्तर द्यायची: कुकरची शिट्टी झाली. कुकर कधी कधी लावलेलाही नसायचा.

पण त्या वर्षी आडी महिन्यात, ऐन जुलैच्या उकाड्यात, तिनं एक गोष्ट पाहिली. सकाळची वेळ, भरद्वाज ड्यूटीवर निघायचा होता. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. पाण्याची म्हणून जी बाटली तो रोज डब्याबरोबर नेई, ती त्यानं तोंडाला लावली होती. हात इतका कापत होता की बाटली दातांवर कडकड वाजत होती. दोन घोट गेले आणि हात थांबला. एकदम शांत. त्याच शांत हातानं त्यानं भांग पाडला, खिशाला पेन लावलं.

संध्याकाळ तर कधीच गेली होती. आता सकाळही गेली, हे तिला कळलं. आणि कार्तिगै कॅलेंडरच्या कितीतरी पानांखाली दबलेली.

मशीनवर झाकण घालून ती सूर्यनारायणरावांकडे गेली. हे गृहस्थ रेल्वेत गार्ड होते, पापनाशमकडच्या गाड्यांवर आयुष्य गेलं; रिटायर झाल्यापासून दरवर्षी माणसं जमवून शबरीमलैला नेत. माळ घालायची ती त्यांच्या हातून. सगळे त्यांना गुरुसामी म्हणत.

“सामी, आडीत माळ घालतात काय?”

“घालायला काय? डोंगर दर महिन्याला उघडतो. पण आडीत काय म्हणून? पोरीचं कांहीं ठरलं काय?”

“पोरीचं न्हाईं. ह्यांचं.”

“ह्यांचं तर कधीच ठरलं न्हवे, मी जेवायला होतों लग्नात,” गुरुसामी म्हणाले आणि हसता हसता थांबले. तिचा चेहरा हसण्याजोगा नव्हता. मग त्यांनी पंचांग ओढलं. “येत्या शुक्रवारी घालूं. पुढचा महिना आवणी, त्याच्या पहिल्याला दर्शन.”

भरद्वाज वाद घालील, हसण्यावारी नेईल, असं तिला वाटत होतं. दिवसभर तिनं मनात भांडणाची तयारी केली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान खाली घातली आणि म्हणाला, “घाल. लवकर घाल.”

शुक्रवारी गळ्यात माळ पडली. संध्याकाळी दिवा लागायच्या आत भरद्वाज तिण्णैवर. वरलक्ष्मीनं डांगर पच्चडी केली होती, उडदाच्या पिठाची, त्याच्या आवडीची. त्यानं दोन घास खाल्ले. अंगाला घाम. टंबलरमधली ताकाची धार वेष्टीवर. गाडीची एकही गोष्ट सांगितली नाही. तिला वाटलं, उन्हानं दमलेत. व्रत जुनंच, पण महिना नवा. तिनं अंगणातून आत येताना दोनदा त्याच्याकडे पाहिलं, चोरून, जसं नवीन नवरीनं पाहावं.

शनिवारी तिनं अभिमानानं मुलीला फोन केला. “माळ घातली ग! कालपासून थेंब न्हाईं.”

पलीकडून हरिप्रिया ओरडली, “एकदम बंद? अम्मा, सकाळपासून पिणाऱ्यानं एकदम सोडलं तर डेंजर असतं! मी सरकारच्या दारू सोडायच्या फोन नंबरवर विचारलें होतें. हात कापतील, झोप जाईल, नसलेली माणसं दिसतील, फिट येईल. जीव जातो कधी कधी! आत्ता घेऊन जा.”

“देवाच्या कामात अपशकुन करूं नको.”

“देव नको म्हणत न्हाईं मी. डॉक्टर पण पाहिजे म्हणतें!”

कुकरची शिट्टी झाली.

रविवारी सकाळी भरद्वाज मधल्या खोलीत उभा राहून गाड्या सोडू लागला. डोळे ताठ, ओठ कोरडे, सगळं अंग पिंपळाच्या पानासारखं हलतंय, आणि आवाज मात्र स्टँडवरचा. “पापनाशम, पापनाशम! अय्यमपेट्टै मार्गे! चढा, चढा!”

शेजारची अलमेलु आवाज ऐकून आली, दारातच थबकली आणि तिनं हात जोडले. “अक्का! सामी आले!” ती धावत घरी गेली ती कापूर घेऊनच परतली, आणि येता येता गल्लीलाही घेऊन आली. बघता बघता मधली खोली बायकामाणसांनी भरली. माळ गळ्यात, काळी वेष्टी, थरथरतं अंग. अंगात आलंय म्हणायला आणखी काय लागतं? कोणी पायावर पडलं. कोणी कपाळाला विभूती लावली. अलमेलुनं संधी साधून विचारलं, “सामी, माझ्या मुलाला नोकरी कधी?”

“पापनाशम!” भरद्वाज ओरडला. “जागा आहे, मागं सरका!”

“पापनाशमला जागा आहे!” अलमेलुच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तिथल्या तिथं पन्नास माणसांना जेवण कबूल करून टाकलं.

वरलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक क्षण, खोटं कशाला बोला, तिलाही वाटलं की आलाच असेल. घरात इतकी वर्षं दारू आली, एकदा देव आला तर काय बिघडलं? गल्लीच्या समोर तिची मान पहिल्यांदा ताठ झाली होती. ‘तिचा नवरा’ म्हणून बोटं दाखवणारे हात आज जोडलेले होते.

मग भरद्वाजनं गर्दीतून तिला हुडकलं आणि तिचा हात धरला. माळेत असताना त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. आता हात असा आवळला की बांगडी रुतली. तो मराठीत बोलला, एकदम हलक्या आवाजात.

“वरू, ह्यांना उतरूंदे म्हण. गाडी भरली. छतावर पण माणसं आहेत. खाली मान करून बघतात माझ्याकडे. वरू, मला भीति वाटते ग.”

“काय म्हणाले? सामी काय म्हणाले?” मागून कोणीतरी विचारलं.

“संस्कृत आहे,” एक परगल्लीतली बाई ठासून म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आता तीच देवाची दुभाषी. काही सांगितलं असतं तरी खपलं असतं. वरलक्ष्मीनं भरद्वाजकडे पाहिलं. त्या डोळ्यांत देव नव्हता. जत्रेत हरवलेल्या पोराचे डोळे होते ते. शनिवारी मुलगी काय काय ओरडली होती ते एकेक करून तिच्यासमोर उभं होतं.

ती तमिळमध्ये बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “सामी आलेले नाहीत. हे पितात. सकाळी पितात, दुपारी पितात, रात्री पितात. परवापासून बंद केलं म्हणून असं झालंय. ऑटो बोलवा कोणीतरी.”

कापूर जळत राहिला. गल्लीला हे माहीत नव्हतं असं नाही. गल्लीला सगळं माहीत होतं. पण तिनं सांगायचं नाही आणि त्यांनी विचारायचं नाही, हा जुना करार होता. तो तिनं एका दमात मोडला.

“माळेतल्या माणसाला त्या वॉर्डात नेणार?” अलमेलु कुजबुजली. “पाप लागेल, अक्का.”

“लागूदे. मला लागेल. तू आपली पापनाशमची तयारी कर.”

तेवढ्यात गुरुसामी आले. निरोप त्यांच्यापर्यंत पोचला होता. दारातूनच त्यांनी भरद्वाजला पाहिलं, मग वरलक्ष्मीला. माळ दर्शनाशिवाय उतरवत नाहीत. मध्येच उतरवायची तर घरात मरण व्हावं लागतं. सगळे बघत होते. म्हाताऱ्यानं तोंडातल्या तोंडात शरणघोष म्हणत माळ स्वतःच्या हातानं उतरवली, आपल्या उपरण्यात बांधली. “मी आधी गार्ड, मग गुरुसामी. डबा पेटला असतांना मी गाडी सोडणार काय? चल, मी पण येतों.”

आस्पत्रीत त्याला लगेच दाखल करून घेतलं. इंजेक्शनं, सलाइन, झोपेचं औषध. तरुण डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की रोज पिणारं शरीर एकदम कोरडं पाडलं तर असं उलटतं. आणलं ते बरं केलं, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं. वरलक्ष्मी वेड्यांच्या साखळ्या बघायच्या तयारीनं आली होती. वॉर्डात पंखे होते, फिनेलचा वास होता, आणि पलीकडच्या खाटेवर एक जण नर्सशी इडलीवरून भांडत होता.

भरद्वाज शुद्धीवर आला तेव्हा त्यानं गळा चाचपला. “माळ?”

“गुरुसामींकडे आहे.”

“आधी मी असं एकदम सोडत न्हवतों,” तो छताकडे बघत म्हणाला. छतावर आता कोणी नव्हतं. “दिवाळीच्या आधीपासून थोडं थोडं कमी करत यायचों. कार्तिगैपर्यंत जमायचं. ह्या वेळी तू शुक्रवार म्हणालीस.”

“मग मला सांगायचं न्हवे?”

“काय सांगूं? ‘थोडं घेतों, ते थोडं थोडं कमी करतों’ म्हणून?”

दोघंही हसले नाहीत, पण हसण्याच्या जवळपास आले होते.

घरी सोडल्यावर ठरलेल्या वारी तपासणीला यायचं होतं. बाहेरच्या बाकावर रेशनच्या दुकानासारखी रांग. वरलक्ष्मी पदर कपाळापर्यंत ओढून बसली आणि मराठीत पुटपुटली, “मान खाली घाला. कोणीतरी ओळखेल.” मराठी म्हणजे त्यांची घरची तिजोरी, चारचौघांत उघडली तरी आत काय आहे ते कोणाला कळत नाही.

पुढच्या बाकावर डोक्यावरून टॉवेल घेतलेला एक म्हातारा वळला. “घालून काय उपयोग? मी बघितलों.”

ते वेंकटराव होते. रिटायर हेडमास्तर. रामनवमीला आपल्या लोकांपुढे तासभर मनोनिग्रहावर बोलायचे ते.

“तुम्हीं इकडे काय म्हणून?” भरद्वाज चाचरला.

“झोप येत न्हाईं. ती गेल्यापासून घर खायला उठतं. तुम्हीं?”

“आम्हांला जरा जास्तीच झोप यायची. उंबऱ्यावर.”

वेंकटरावांनी टॉवेल डोक्यावरून काढून खांद्यावर टाकला. दोन खोकल्यांनंतर म्हणाले, “इथली ती भुवनेश्वरी म्हणून मुलगी आहे न्हवे, तिच्याशी बोला. ऐकून घेते. मी शाळेत कोणाचं इतकं ऐकलों असतों तर बरं झालं असतं.”

भुवनेश्वरी समुपदेशक होती, तिशीची, टेबलावर अर्धा खाल्लेला दहीभाताचा डबा. भरद्वाजशी बोलून झाल्यावर तिनं त्याला बाहेर बसवलं आणि वरलक्ष्मीला आत घेतलं.

“किती प्यायचे?”

“थोडं.”

“अम्मा, मी कढीपत्ता मागत नाही, थोडा द्यायला. किती?”

वरलक्ष्मीनं सांगितलं. सांगायला लागली तशी सांगतच गेली, आणि शेवटी तिला जे मागायचं होतं ते मागितलं. “माळेत असतात तसे करून द्या.”

भुवनेश्वरीनं पेन खाली ठेवलं. “कसे असतात?”

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. पिणाऱ्या नवऱ्याची चौकशी सगळे करत; न पिणाऱ्याची कोण करतो? वरलक्ष्मीनं शेंगा सोलणारा भरद्वाज सांगितला. म्हातारीची नक्कल सांगितली, शेळीची तर करून दाखवायला गेली, आणि मध्येच पदरानं डोळे पुसू लागली.

“अम्मा, तुम्हाला खोटं सांगणार नाही,” भुवनेश्वरी म्हणाली. “तो माणूस मला देता येणार नाही. त्याला देव सांभाळायचा, गुरुसामी सांभाळायचे, अख्खी गल्ली सामी सामी म्हणून उचलून धरायची. माळेशिवायचे आणि दारूशिवायचे असे तुमचे यजमान तुम्ही कधी पाहिलेत?”

वरलक्ष्मीनं आठवून पाहिलं. लग्नाच्या आधीच्या दिवसापर्यंत गेली. तिथंही मित्रांबरोबर ‘थोडं’ होतंच.

“नाही.”

“त्यांनीही पाहिलेला नाही. जो कोण येईल तो दोघांनाही नवा. चिडका निघेल, कंटाळवाणा निघेल. मध्ये पाय घसरेल, तेव्हा परत या. आणि शनिवारी इथं घरच्यांची बैठक असते, यजमानांसाठी नाही, तुमच्यासाठी. तिला ते नसले तरी चालेल, तुम्ही लागता.”

तसंच झालं. जो आला तो खरोखर चिडका. गोळ्यांनी तोंड कडू, रसमला मीठ जास्त, पंख्याचा आवाज होतो, मशीनचा आवाज होतो. स्टँडवरून वेळेवर येई आणि भिंतीकडे तोंड करून पडे. गोष्टी नाहीत, नकला नाहीत. दिवाळीत एकदा घसरला. दुसऱ्या दिवशी स्वतःच टाउन बसनं जाऊन भुवनेश्वरीपुढं बसला, हे मात्र खरं. वरलक्ष्मी शनिवारच्या बैठकीला जाऊ लागली. तिथं पापनाशमकडच्या, तिरुवैयारूकडच्या बायका येत, मोपेडवरून, खेड्यातल्या बसमधून, आणि आपापल्या नवऱ्यांच्या अशा नकला करत की भुवनेश्वरीला दार लावून घ्यावं लागे. वरलक्ष्मी हसे. पण घरी येताना तिला वाटे, हे असं आपल्या तिण्णैवर व्हायचं.

तिला त्याची आठवण यायची. त्या दुसऱ्याची. कोणाला सांगणार? नवरा शुद्धीवर आहे, घरी आहे, पगार आणतोय. आणि बाई म्हणते मला नवऱ्याची आठवण येते. लोक तिलाच त्या वॉर्डात नेऊन बसवतील.

कार्तिगै आली. तिनं न बोलता काळी वेष्टी धुऊन, घडी करून खाटेच्या पायथ्याशी ठेवली. आदल्या संध्याकाळी गुरुसामी विचारायला आले. “भरद्वाजा, पहाटे येतोस न्हवे? डॉक्टरांना विचारलास काय?”

“विचारलों. घाला म्हणतात, गोळ्या चालूं ठेवून घाला. पण मी येत न्हाईं.”

वरलक्ष्मीच्या हातातला कॉफीचा टंबलर तिरका झाला. “काय म्हणून?”

“घालायला भीति न्हाईं मला. काढायला आहे.” तो गुरुसामींकडे बघत नव्हता, तिच्याकडेही नाही. “दर वर्षी डोंगर उतरलों की बसमध्ये बसून एकच वाट बघायचों, माळ कधी निघते. उतरतांना तरी काय, चढतांना पण तेच. शेंगा सोलतांना पण तेच, वरू. ह्या वर्षी ती वाट बघायची न्हाईं मला.”

गुरुसामींनी कॉफी संपवली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि “सामी शरणम्” म्हणून निघाले.

वरलक्ष्मी भांडी घासायला गेली आणि घासलेलीच पुन्हा घासत बसली. शेंगा सोलतांना पण तेच. म्हणजे ती कॅलेंडरकडे बघून ज्याची वर्षभर वाट पाही, तो समोर बसून, तिला हसवत हसवत, निघून जायची वाट पाहत होता. तिला राग आला. मग रागही टिकेना. कारण शेळी खरी होती, आणि हसून आलेलं पाणीही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीतून सामी जात होते. अनवाणी, काळ्या वेष्ट्या, गळ्यात नव्या माळा, कपाळाला चंदन. पिळ्ळैयार कोविलाकडून, म्हणजे गणपतीच्या देवळाकडून, भजनाचा आवाज येत होता. वरलक्ष्मी तिण्णैवर बसून एकेकाचा चेहरा बघत होती, गाडी चुकलेल्या माणसानं पुढच्या गाडीतले चेहरे बघावेत तशी. अलमेलुचा नवराही माळेत. “कशी आहेस, सामी?” तो म्हणाला. ती हसली, पण हसू पुरं झालं नाही.

आतून भरद्वाज आला. लुंगी, चार दिवसांची दाढी, तीही व्रताची नव्हे, आळसाची. तिच्यापासून थोडा लांब बसला.

“त्याची वाट बघतेस न्हवे?” त्यानं विचारलं.

तिनं खोटं बोलायचा विचार केला. शनिवारच्या बैठकींनी ती खोड मोडली होती. “होय.”

“मी पण बघतों. बरा होता तो. गोष्टी सांगायचा.”

“तुम्हीं सांगा न्हवे.”

“येत न्हाईंत. स्टँडवर हजार माणसं असतात, आणि मला कांहीं गंमतच दिसत न्हाईं. भुवनेश्वरी म्हणते, दिसेल. कधी, ते तिला पण ठाऊक न्हाईं.” भजनाचा सूर वर चढला आणि खाली आला. “तवर मी चालेन काय?”

वरलक्ष्मीनं त्याच्याकडे पाहिलं. ह्या माणसाचे कान जरा पुढं आलेले आहेत, हे तिला आज प्रथमच दिसलं. हा कोण, ते तिला अजून ठाऊक नव्हतं. आणि जो ठाऊक होता तो आता ह्या रस्त्यानं येणार नव्हता, आज नाही, पुढच्या कार्तिगैतही नाही.

“रसमला नांवं ठेवलात तर चालणार न्हाईं,” ती म्हणाली.

“मीठ जास्ती असतं, वरू.”

“असूंदे.”

तिनं ओट्यावरचं कापडांचं गाठोडं उचलून पलीकडं ठेवलं. मध्ये जागा झाली. तो लगेच सरकला नाही. शेवटचा सामी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत दोघंही त्या पाठमोऱ्या काळ्या वेष्टीकडे बघत बसले. मग सरकला.